अजायबघरात चार वर्षांचे मूल

मराठीत आपण वस्तुसंग्रहालय म्हणतो, उर्दूत त्यालाच अजायबघर म्हणतात. एका शब्दात वस्तू आणि त्यांचा संग्रह आहे, दुसऱ्यात अजब वाटणे आहे. इतिहासाला उर्दूत तारीख म्हणतात. मराठीने तोच शब्द घेतला, पण कॅलेंडरवरच्या दिवसापुरता. चार वर्षांच्या मुलाला तारीख कळत नाही. काल, मागच्या ईदला आणि आजोबांच्या लहानपणी, हे सगळे त्याच्यासाठी एकच 'आधी' असते. अजब मात्र त्याला आपल्यापेक्षा लवकर कळते.

मग इतक्या लहान मुलांना इतिहासाच्या संग्रहालयात कशाला न्यायचे, असे पालक विचारतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पालकांचा हा प्रश्न खराच आहे. आपल्याकडे संग्रहालयाची सहल म्हणजे लोकलची गर्दी, कडेवर एक मूल, हाताला एक, खांद्याला डब्याची पिशवी. एवढे करून भायखळ्याला उतरायचे आणि राणीच्या बागेत वाघ, पेंग्विन पाहून परत यायचे. त्याच आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे बहुतेक कुटुंबे वळतच नाहीत. मला वाटते, लहान मुलांसाठीच तिथे वळले पाहिजे, आणि त्याचे एक कारण अंबरनाथमध्येच आहे.

हे संग्रहालय 1872 मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेव्हा त्याचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होते. ते उभे राहावे म्हणून खटपट करणाऱ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या मुंबईकरांमध्ये डॉ. भाऊ दाजी लाड पुढे होते, म्हणून 1975 मध्ये त्यांचे नाव दिले गेले. भाऊ दाजी पेशाने डॉक्टर. पण जुने शिलालेख वाचण्याचा त्यांना नाद होता. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख त्यांनी वाचला आणि त्यातला शक 782 असा लावला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच आकडा 982 असा वाचला. आज मंदिर इ.स. 1060 चे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले मानतात ते या दुसऱ्या वाचनामुळे. एका झिजलेल्या आकड्याने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले. यात भाऊ दाजींचा कमीपणा नाही. इतिहास असाच पुढे जातो: एकजण वाचतो, दुसरा तपासतो. भायखळ्याच्या इमारतीवर ज्यांचे नाव आहे, ते आपल्या वालधुनी नदीच्या काठावरचा दगड वाचत होते, हे आपल्या तिन्ही शहरांतल्या शिक्षकांना माहीत असायला हवे.

संग्रहालयाच्या बाहेर एक मोठा दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा म्हटले. 1864 मध्ये इंग्रजांनी तो इंग्लंडला न्यायचे ठरवले, पण उचलताना तो फुटला. तुकडे राणीच्या बागेत आणून ठेवले आणि 1914 मध्ये पुन्हा जोडले. साम्राज्य, लूट, पुरातत्त्व हे शब्द चार वर्षांच्या मुलासमोर काढायची गरज नाही. "हा हत्ती समुद्रातल्या बेटावर राहायचा. त्याला दूर न्यायला निघाले, तो फुटला, मग जोडला," एवढे पुरे. मूल लगेच विचारेल, कुठे फुटला? त्याला सांधे शोधू द्यावेत. वस्तूकडे बघून प्रश्न विचारणे, इतिहास म्हणतात तो याहून फार वेगळा नाही.

आत मातीच्या छोट्या मूर्ती आहेत: वेगवेगळ्या जातीजमातींची माणसे, त्यांचे कपडे, त्यांचे धंदे. मुले त्यांना बाहुल्याच समजतात. मोठ्यांनी मात्र त्या डोळे उघडे ठेवून पाहाव्यात. इथले लोक कोण, कसे दिसतात, काय करतात, हे राज्यकर्त्यांना समजावे म्हणून अशी मांडणी केली जात असे. त्यात माणूस एका पगडीत आणि एका धंद्यात बसवला जातो. मुसलमान म्हटले की एक ठरावीक पोशाख, ही सवय आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांनाही लागली आहे. म्हणून मुलाला "हा कोण?" असे विचारू नये. "हा काय करतोय?" असे विचारावे. तो विणतोय, तो घडा करतोय. ओळख कामातून व्हावी.

लहान मुलांसाठी वेगळ्या संग्रहालयाची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत ब्रुकलिन इथे 1899 मध्ये असे पहिले संग्रहालय सुरू झाले. पण आपल्याला धडा घ्यायला इतके लांब जायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. बोर्डी आणि कोसबाड आज पालघर जिल्ह्यात आहेत, पण तेव्हा ती आपल्याच ठाणे जिल्ह्यातली गावे होती. माँटेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने केली. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, असा त्यांचा विचार होता. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो, त्याच्या मागे हे काम आहे. संग्रहालयालाही हाच न्याय लावता येईल. मूल संग्रहालयापर्यंत पोहोचत नसेल, तर त्याच्या अंगणात काय आहे ते पाहावे.

आपल्या अंगणात पुष्कळ आहे. अंबरनाथच्या मंदिराच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत, आणि गाभारा जमिनीच्या खाली, सुमारे वीस पायऱ्या उतरून. अंक शिकणाऱ्या मुलाला याहून चांगला पाढा कुठे मिळणार? उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तिच्या बराकींमध्ये राहिली आणि 1949 मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर सांगतात. युद्ध आणि फाळणी तिथे रोजच्या पत्त्यात बसली आहेत. जुने सिंधी आजोबा अरबी वळणाच्या लिपीत लिहितात. आमची उर्दू शिकणारी मुले ती अक्षरे बघून चकित होतात, कारण बरीचशी अक्षरे ओळखीची निघतात आणि भाषा मात्र वेगळी. कल्याणच्या पुढे खोपोलीपर्यंत रेल्वे 1856 मध्ये गेली, आणि आपली रोजची बदलापूर लोकल त्याच मार्गावर धावते. विमकोच्या काडेपेट्या अंबरनाथच्या कारखान्यात बनत. कुणाच्या तरी आजीच्या फडताळात अशी एखादी रिकामी पेटी अजून सापडेल.

आता अवघड गोष्टीबद्दल. आपल्या काही घरांत मुलाला अंबरनाथचे मंदिर दाखवायला संकोच वाटतो. मलंगगडाच्या बाबतीत तसाच संकोच आता दुसऱ्या बाजूच्या घरांतही दिसतो. गडावरचे स्थान कोणाचे यावर वाद आहे, पण दोन्ही समाजांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या तो डोंगर चढत आली, हेही खरे आहे. मुलाला नेल्याने कुणाचा ईमान जात नाही आणि कुणाचा धर्म बाटत नाही. तिथे पूजा चालते, म्हणून आपण शांत राहायचे, अदब पाळायची, हे सांगून बाहेरची शिल्पे दाखवता येतात. मोठे होऊन ते मूल हे शहर आपले म्हणेल की नाही, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकाच्या फार आधी ठरते. ज्या दगडाजवळून त्याला "ते आपले नाही" म्हणून पुढे ओढून नेले, त्या दगडाचा इतिहास ते पुढे परीक्षेपुरताच वाचेल.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची जन्मकथा इथे सांगितली पाहिजे. दिनकर केळकरांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंच्या संग्रहाला त्याचे नाव दिले. त्यात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, दौती आहेत, घरात वापरल्या जाणाऱ्या साध्या वस्तू आहेत. एका बापाने मुलाच्या नावाने घरोघरच्या वस्तू जपल्या आणि महाराष्ट्राला आपल्या आजी-आजोबांचे घर बघायला मिळाले.

तेव्हा भायखळ्याला जरूर जा, पण तासाभरापेक्षा जास्त थांबू नका. तीन वस्तू पुष्कळ झाल्या. हत्ती, एक बाहुली, आणि मुलाने स्वतः निवडलेली एक. पाटी वाचून दाखवू नका, ते काय बघते आहे ते बघा. बालवाडीतल्या ताईंनी प्रत्येक मुलाला घरातली एकच जुनी वस्तू आणायला सांगावी: पानदान, सिंधहून आलेली पेटी, कारखान्याचा बिल्ला, आजीचे जाते. त्या टेबलावर मांडाव्यात आणि आजी-आजोबांना बोलवावे. प्रत्येकाने आपल्या वस्तूची गोष्ट दोन वाक्यांत सांगावी. उल्हासनगरच्या सिंधी आजी, अंबरनाथचे निवृत्त कामगार, बदलापूरचे आगरी आजोबा आणि आमच्या मोहल्ल्यातल्या नानी एका टेबलाभोवती उभ्या राहिल्या, की मुलांना अजायबघर मिळेल. तारीख ती पाचवीत शिकतील.