रजिस्ट्रीत नाही, मग लायब्ररी आणायची कुठून?

एखाद्या पेपरमधली आकृती ज्या जावास्क्रिप्ट लायब्ररीने काढली आहे ती तुम्हाला वापरायची असते, आणि एनपीएमवर शोधलं तर ती सापडतच नाही. लेखकांनी कोड गिटहबवर ठेवलाय, पॅकेज म्हणून प्रकाशित केलेला नाही. संशोधनात हे नेहमीचंच आहे. अशा वेळी एनपीएमच्या इन्स्टॉल कमांडला मालकाचं नाव, तिरकी रेघ आणि रेपॉझिटरीचं नाव दिलं की ते थेट गिटहबवरून कोड आणतं. (तुमच्या मशीनवर गिट हवं, आणि रेपॉझिटरीत पॅकेज डॉट जेसन हवी.)

ही पळवाट वाटते, पण एके काळी हाच राजमार्ग होता. एनपीएम आलं 2010 मध्ये. 2012 मध्ये ट्विटरमधल्या मंडळींनी बॉवर आणलं. बॉवरच्या रजिस्ट्रीत कोड नसायचाच, फक्त नाव आणि त्यापुढे गिटचा पत्ता. आवृत्त्या म्हणजे गिटचे टॅग. मग ब्राउझरला चालेल असा तयार कोड कुठून यायचा? लोक तो रेपॉझिटरीतच टाकायचे. जुन्या प्रकल्पांत ‘डिस्ट’ नावाचं फोल्डर दिसतं ना, त्यामागचं एक कारण हे.

एनपीएमवर हा प्रश्न उलट बाजूने आला. प्रकाशित पॅकेजमध्ये तयार कोड असतो, रेपॉझिटरीत बऱ्याचदा फक्त मूळ स्रोत. त्यामुळे थेट आणलेली लायब्ररी इन्स्टॉल व्हायची, पण आत वापरण्याजोगी फाइलच नाही! 2017 मध्ये एनपीएमची पाचवी आवृत्ती आली आणि यावर उपाय निघाला: लेखकाने ‘प्रिपेअर’ स्क्रिप्ट लिहिली असेल, तर गिटवरून आणताना ती तुमच्याकडे चालते आणि कोड तयार होतो. लिहिली नसेल, तर आजही जुनीच गत.

आता कोणी म्हणेल, त्यापेक्षा प्रकाशित पॅकेजच बरं. मार्च 2016 आठवा. अझेर कोचुलू या प्रोग्रॅमरचा ‘किक’ या पॅकेजच्या नावावरून त्याच नावाच्या कंपनीशी वाद झाला, एनपीएमने नाव कंपनीला दिलं, आणि त्याने आपली अडीचशेहून अधिक पॅकेजेस काढून घेतली. त्यात होतं ‘लेफ्ट-पॅड’, जेमतेम अकरा ओळींचं. त्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेले असंख्य प्रकल्प बिल्ड होईनात. कोड गिटहबवर जागच्या जागी होता, रजिस्ट्रीतलं नाव तेवढं गेलं होतं. नंतर एनपीएमने पॅकेज काढण्याचे नियम कडक केले.

रेपॉझिटरीचा धोका वेगळा, आणि माझ्या मते संशोधकासाठी जास्त वाईट. लेफ्ट-पॅड गेलं तेव्हा सगळं मोडलं, निदान कळलं तरी. रेपॉझिटरीतली मुख्य ब्रँच मात्र गुपचूप पुढे सरकते. जानेवारीत तुम्ही आकृती काढली, जूनमध्ये परीक्षकाने तीच कमांड चालवली, तर त्याला जूनचा कोड मिळेल. आकृती येईल, पण थोडी वेगळी, आणि दोघांपैकी कोणालाच कारण समजणार नाही.

म्हणून रेपॉझिटरीच्या नावापुढे हॅशचं चिन्ह देऊन कमिटची पूर्ण चाळीस अक्षरं लिहा. टॅग दिसायला सुबक, पण लेखक तो दुसऱ्या कमिटवर हलवू शकतो. पॅकेज-लॉक फाइलमध्ये कमिटची नोंद आपोआप होते हे खरं, पण ती फाइल कोडसोबत द्यायला कित्येक जण विसरतात. आणि लेखकाने रेपॉझिटरीच काढून टाकली तर? 2016 पासून फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने सुरू केलेलं सॉफ्टवेअर हेरिटेज असा कोड साठवतंय. तिथे सार्वजनिक रेपॉझिटरी जतन करण्याची विनंती कोणीही करू शकतं. प्रबंध जमा करण्याआधी तुम्ही वापरलेल्या रेपॉझिटरीसाठी ती करून ठेवा.