दिवाळीत घर सजवायचं कसं? गावातल्याच वस्तू, आठ दिशा आणि वास्तूच्या नावाखाली होणारा खर्च

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी दोन कामं निघतात. एक साफसफाई आणि दुसरं सजावट. आता त्यात तिसरं वाढलंय, ते म्हणजे मोबाइलवर येणारे वास्तूचे व्हिडिओ. कुणी सांगतं दक्षिणेचं दार बंद करा, कुणी सांगतं अमुक यंत्र आणा म्हणजे लक्ष्मी टिकेल. गेवराई, माजलगाव, शिरूर कासार या आपल्या पट्ट्यात या दिवसांत सोयाबीनची रास नुकतीच झालेली असते, कापसाची वेचणी चालू असते आणि हातात आलेला पहिला पैसा उधारी फेडण्यातच जातो. म्हणून पैसा कशावर घालायचा आणि कशावर नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. घर सजवायला लागणाऱ्या बहुतेक वस्तू गावात, नाहीतर तालुक्याच्या बाजारात मिळतात. आणि वास्तूमधला जो भाग खरंच उपयोगाचा आहे, त्याला एक रुपयाही लागत नाही.

कोणत्या दिवशी काय मांडायचं

वसुबारस (आश्विन वद्य द्वादशी) : या दिवशी गाय-वासराची पूजा. सजावटीची सुरुवात गोठ्यापासून करावी. गोठा झाडून दाव्याजवळ रांगोळी काढावी. आपल्याकडे पोरं लव्हाळ्याच्या काड्या विणून दिवटी करतात आणि संध्याकाळी जनावरं ओवाळतात. नदीकाठी, ओढ्याला लव्हाळा फुकट मिळतो. ही दिवटी कशी विणायची हे घरातल्या आजोबांना विचारा, अजून बऱ्याच जणांच्या हातात ती कला आहे.

धनत्रयोदशी : संध्याकाळी कणकेचा दिवा करून घराबाहेर ठेवायचा, वात दक्षिणेकडे. हा यमदीप. एरवी दिव्याची वात दक्षिणेला करत नाहीत, पण या दिवशी मुद्दाम करतात.

नरक चतुर्दशी : पहाटे अभ्यंगस्नान. न्हाणीच्या वाटेवर आणि तुळशीजवळ पणत्या.

लक्ष्मीपूजन (आश्विन अमावास्या) : नवी केरसुणी, लाह्या-बत्ताशांनी भरलेली मातीची बोळकी, धने-गूळ, हिशेबाची वही.

पाडवा (कार्तिक शुद्ध प्रतिपदा) : बळीराजाचा दिवस. अनेक गावांत अंगणात शेणाचे पांडव घालतात, त्यांना झेंडूची फुलं खोचतात. पुढे त्याच शेणाच्या गोवऱ्या होतात, वाया काही जात नाही.

भाऊबीज (कार्तिक शुद्ध द्वितीया) : पाटाभोवती रांगोळी आणि ओवाळणीचं ताट.

अंगण आणि रांगोळी

फरशी असेल तर ती स्वच्छ पुसून घ्या. मातीचं अंगण असेल तर शेणाचा सडा टाका. सडा अर्धवट वाळला की रांगोळी नीट बसते, वाऱ्यानं लवकर उडत नाही. पांढरी रांगोळी म्हणजे शिरगोळ्याची पूड. ठिपके सारखे यावेत म्हणून जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाला उदबत्तीनं सारख्या अंतरावर भोकं पाडा. कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली की ठिपके आपोआप पडतात.

रंग विकतच आणले पाहिजेत असं नाही. पिवळ्यासाठी हळद, लालसाठी गेरू नाहीतर विटेचा बारीक भुगा, काळ्यासाठी कोळशाची पूड, हिरव्यासाठी वाळलेल्या पानांचा चुरा चालतो. स्वस्तिक, कमळ, शंख, गोपद्म आणि लक्ष्मीची पावलं ही जुनी चिन्हं. पावलं काढताना बोटं घराच्या आतल्या बाजूला ठेवायची, म्हणजे लक्ष्मी आत येते असा भाव.

पणत्या : कुंभाराकडूनच का घ्यायच्या

बाजारात प्लॅस्टरच्या चमकी लावलेल्या पणत्या दिसायला छान असतात. पण चाकावर घडवलेली आणि भट्टीत नीट भाजलेली मातीची पणती पुढच्या वर्षीही वापरता येते. ओळखायची कशी? बोटानं टिचकी मारा. नीट भाजलेली असेल तर खणखणीत आवाज येतो, कच्ची असेल तर बद्द वाजते.

नव्या पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, मग उन्हात वाळवा. तसं केलं नाही तर माती तेल पिते आणि दिवा लवकर विझतो. कापसाची वात घरीच वळावी, आपल्याकडे कापसाला काय तोटा!

कुंभाराच्या धंद्याचे दिवस वर्षात मोजकेच असतात. उन्हाळ्यात माठ, संक्रांतीला सुगडी, दिवाळीला पणत्या आणि बोळकी. तिथं घासाघीस करून वाचलेल्या दहा रुपयांनी आपण श्रीमंत होत नाही, पण त्याच्या घरच्या दिवाळीला त्यानं फरक पडतो.

आकाशकंदील घरीच करा

लागणारं सामान : सारख्या लांबीच्या १० कामट्या (साधारण दोन फूट), सहा-सात इंचाचे ५ तुकडे, दोरा, पतंगी कागद आणि खळ. कामट्या बुरुडाकडे मिळतात. बांबू चांगला तासून घ्या, नाहीतर हाताला कुसळं जातात. मैदा नाहीतर गव्हाचं पीठ पाण्यात शिजवलं की खळ तयार.

कृती : ५ कामट्यांची एक चांदणी बांधा. तशीच दुसरी बांधा. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं दोऱ्यानं घट्ट बांधा. मग मध्यभागी जिथं कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच ठिकाणी दोन चांदण्यांच्या मध्ये लहान तुकडे उभे अडकवा. चांदणी फुगते. वरून कागद चिकटवा, बल्ब घालायला एक बाजू उघडी ठेवा, खालच्या टोकांना झिरमिळ्या लावा. आत फक्त कमी वॅटचा एलईडी बल्ब लावा. मेणबत्ती किंवा पणती आत ठेवू नका.

सांगाडा सांभाळून ठेवला तर पुढच्या वर्षी फक्त कागद बदलावा लागतो.

तोरण, केरसुणी, गोधडी

आंब्याची पानं आणि झेंडू एवढं तोरणाला पुरेसं आहे. त्यात बाजरीची दोन-चार कणसं ओवली तर आपल्या शेतकऱ्याच्या दाराला शोभून दिसतं. प्लास्टिकची फुलं एकदाच आणायची म्हणून स्वस्त वाटतात. पण आपल्याच तालुक्यात झेंडू लावणाऱ्या शेतकऱ्याचा माल दसरा-दिवाळीच्या दोन-तीन आठवड्यांतच खपतो. नंतर भाव पडतो आणि फुलं बांधावर टाकायची वेळ येते. आपण शेतकरी असून दाराला प्लास्टिक लावणं बरं दिसत नाही.

केरसुणी शिंदीच्या पानांची घ्यावी. मातंग समाजातली अनेक कुटुंबं ती पिढ्यान्‌पिढ्या बांधत आली आहेत. पूजेला तिला आपण लक्ष्मी म्हणतो, तर ती बांधणाऱ्या हाताला योग्य मोलही दिलं पाहिजे.

बुरुडाची दुरडी फराळ मांडायला, सूप फुलं ठेवायला वापरा. पाहुण्यांच्या बैठकीवर घरात शिवलेली गोधडी अंथरा. गोदावरीच्या वरच्या अंगाला, पैठणला विणल्या जाणाऱ्या पैठणीचे काठ जगभर ओळखले जातात. घरात जुनं, फाटलेलं काठाचं लुगडं असेल तर काठ कापून देवघराला झालर करता येते.

भिंतीवर काही काढायचं असेल तर वारली चित्रं सोपी वाटतात, कारण त्यात गोल, त्रिकोण आणि चौकोन एवढेच आकार असतात. ही कला पालघर, डहाणू, जव्हार भागातल्या वारली आदिवासींची. गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं ती काढतात. मूळची ही चित्रं लग्नाच्या वेळी बायका काढायच्या. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पोरांना चित्र काढायला लावा आणि ही कला कुणाची आहे तेही सांगा.

आठ दिशा : काय कुठे ठेवायचं

वास्तुशास्त्रात प्रत्येक दिशेला एक देवता मानली आहे.

पूर्व (इंद्र) : सकाळचं ऊन इकडून येतं. या बाजूच्या खिडकीपुढे पोती, पेट्या रचू नका.
आग्नेय (अग्नी) : चुलीची जागा. फराळाचं तळण शक्यतो इथं.
दक्षिण (यम) : धनत्रयोदशीचा यमदीप.
नैर्ऋत्य (निर्ऋती) : जड सामान, कपाट.
पश्चिम (वरुण) : दुपारनंतरचं ऊन इकडून येतं. इथं पडदा लावला तर घर थंड राहतं.
वायव्य (वायू) : धान्य साठवायची जागा मानतात.
उत्तर (कुबेर) : पैसा, हिशेबाची वही.
ईशान्य (ईशान म्हणजे महादेव) : देवघर, पाण्याचा माठ. ही जागा मोकळी आणि स्वच्छ.

दिशा मोबाइलमधल्या होकायंत्रानं पाहता येते. पण पत्रे, लोखंडी कपाट, ट्रॅक्टर यांच्या जवळ उभं राहून पाहू नका, काटा चुकतो. आणि दिवाळीच्या दिवसांत सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, थोडा दक्षिणेकडे सरकलेला असतो, हेही लक्षात ठेवा. रात्री ध्रुवतारा दिसला तर उत्तर पक्की सापडते.

घर या चौकटीत बसत नसेल तर घाबरायचं कारण नाही. दोन खोल्यांच्या घरात आठ दिशांना आठ वस्तू बसतच नाहीत. घरात उजेड, खेळता वारा, स्वच्छ पाणी आणि मोकळं दार असलं की वास्तूचा मुख्य हेतू साधला.

दक्षिणेच्या दाराची गोष्ट

हे सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाचे पैसे वाचावेत म्हणून सांगतो. आमच्या घराचं मोठं दार दक्षिणेला. काही वर्षांपूर्वी लागोपाठ दोन हंगाम वाया गेले. तेव्हा घरी आलेल्या एका सल्लागारानं दोष दाराचा आहे म्हणून सांगितलं. मी दक्षिणेचं दार बुजवलं आणि पूर्वेला नवं काढलं. पूर्वेला शेजाऱ्यांची भिंत हाताच्या अंतरावर. गवंडी, चौकट, वर त्याचं यंत्र, यात त्या साली विकलेल्या सोयाबीनचे निम्मे पैसे गेले. त्या दिवाळीत भर दिवसा घरात बल्ब लावावा लागला. आईला रांगोळी काढायला बोळ तेवढा उरला. तिनं मला काही म्हटलं नाही, पण संध्याकाळी पहिली पणती जुन्या दाराच्या जागी, बुजवलेल्या भिंतीला लागून ठेवली. पुढच्या वर्षी मी दार परत उघडलं. पीक त्या वर्षी बरं आलं, पण ते पाऊस बरा झाला म्हणून.

नंतर माहिती घेतली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकातल्या ग्रंथात, वास्तुविद्येचा अध्याय आहे. त्यात चारही बाजूंच्या दारांचा विचार आहे. प्रत्येक बाजूचे भाग पाडून काही भाग चांगले, काही वाईट सांगितलेत. म्हणजे दक्षिणेचं दार सरसकट अशुभ, असं जुनं शास्त्रही म्हणत नाही. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी दारावर स्वस्तिक काढावं, तोरण बांधावं, उंबरा धुऊन दिवा लावावा. पण भिंत फोडायला किंवा यंत्रासाठी कर्ज काढायला कुणी सांगितलं, तर आधी घरातल्या चार माणसांना विचारा. शक्यतो दिवाळी होऊ द्या, मग ठरवा.

आगीपासून जपा

या दिवसांत पडवीत कापूस, अंगणाच्या कडेला कडब्याची गंजी आणि सोयाबीनचं भुसकट असतं. पणत्या आणि फटाके यांच्यापासून लांब ठेवा. आकाशात सोडायचे पेटते कंदील गावात सोडूच नका, ते कुणाच्या गंजीवर पडतील सांगता येत नाही. लाइटच्या माळेसाठी तारेवर आकडा टाकू नका. जुन्या माळेची वायर उघडी पडली असेल तर ती फेकून द्या. झोपण्याआधी दारातल्या पणत्या पाहून घ्या, जवळ पाण्याची बादली असू द्या.

भाजलं तर त्या जागेवर साधं पाणी वीस मिनिटं सोडत राहा. टूथपेस्ट, हळद, तेल लावू नका. आग लागल्यास १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटात ११२.

बाजाराला जाताना

यादी लहान आहे : पणत्या आणि बोळकी कुंभाराकडून, कामट्या आणि दुरडी बुरुडाकडून, केरसुणी बांधणाऱ्याकडून, झेंडू शेतकऱ्याकडून. बाकी शेण, आंब्याची पानं, लव्हाळा, कापूस हे आपल्या दारातच आहे. अशा खरेदीतला पैसा गावातच फिरतो आणि दोन-चार घरांत जास्तीचा दिवा लागतो.