खुर्ची, वस्तरा आणि नंबर

अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्याचा इतिहास सांगताना आपण महाडचे तळे सांगतो, नाशिकचे काळाराम मंदिर सांगतो, गावोगावच्या विहिरी आणि हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेल्या वेगळ्या कपबशा सांगतो. न्हाव्याच्या दुकानाचे नाव या यादीत क्वचितच येते. वास्तविक देवळाकडे पाठ फिरवता येते, चहा घरी करून पिता येतो; पण केस महिन्याच्या महिन्याला वाढतात आणि ते कापायला दुसऱ्याचा हात लागतो. तो हात डोक्याला, गालाला, मानेला लागल्यावाचून काम होत नाही. शिवाशिवीवर उभ्या असलेल्या समाजात ज्या धंद्याचे सारे काम स्पर्शानेच चालते, त्या धंद्याचा इतिहास आपण तपासलाच पाहिजे.

या विषयाकडे मी धंद्याच्या वाटेने आलो. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी तीन खुर्च्यांचे केशकर्तनालय मी बरीच वर्षे चालवतो. कैची माझ्या हातात नसते. सकाळी शटर उघडणे, कारागिरांच्या पाळ्या लावणे, टॉवेल धुऊन आले की नाही ते पाहणे, गल्ला सांभाळणे आणि रात्री हिशेब करणे हे माझे काम. जन्म महारवाड्यातला. या रोजच्या कारभारात मला जे प्रश्न पडत गेले, त्यांची उत्तरे शोधताना हा इतिहास हाती लागला.

गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. धोकटी काखेत मारून त्याने घरोघर हजामत करायची, लग्नकार्यात राबायचे, पाहुण्याचे अंग रगडायचे आणि सुगीला खळ्यावर धान्य मागायचे. या व्यवस्थेत गिऱ्हाईक ही एकटी व्यक्ती नव्हतीच. घर होते, भावकी होती, जात होती. महारही बलुतेदारच. वेशीची राखण, सांगावा पोचवणे, मेलेले ढोर ओढणे ही त्याची कामे. दोघेही एकाच खळ्यावर हात पसरणारे. तरी बहुतेक गावांत न्हाव्याचा वस्तरा महार-मांगाच्या डोक्याला लागत नसे. कारण सरळ होते. महाराच्या मानेवर फिरलेला वस्तरा पाटलाच्या गालाला चालत नसे. गावकुसाबाहेरचे एक डोके केले, तर कुसाच्या आतले सारे बलुते बुडायचे. नकार न्हाव्याच्या तोंडून येई, पण त्या तोंडाला कुलूप गावाने घातलेले असे. न्हाव्याला आपण शत्रू ठरवतो तेव्हा कुलपाची किल्ली कुणाच्या कनवटीला आहे हे पाहायचे राहून जाते.

मग आमच्या लोकांनी काय केले? आपली डोकी आपणच केली. वाड्यातला एखादा हातगुणाचा माणूस कैची चालवायला शिके आणि सगळ्यांचे करी. माझ्या वडिलांचे केस चुलते कापीत, चुलत्यांचे वडील कापीत. लग्न ठरले की नवरदेव आपली जात कुणाला माहीत नाही अशा दूरच्या बाजारगावी जाई आणि खुर्चीत बसल्यावर गावाचे नाव विचारले की जिवाचा थरकाप होई.

बाबासाहेबांच्या घरीही हेच होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लिखाणात त्यांनी साताऱ्याच्या बालपणाविषयी लिहिले आहे की भावंडांचे केस त्यांची मोठी बहीण कापीत असे आणि सरावाने ती त्यात तरबेज झाली होती. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही आणि न्हाव्याला द्यायला घरात पैसे नव्हते असेही नाही, हे त्यांनी मुद्दाम नोंदवले आहे. ही नोंद आपल्या अभ्यासवर्गांतून पुन्हा पुन्हा वाचली पाहिजे. दारिद्र्य संपले की जात आपोआप संपेल असे सांगणारे आजही भेटतात. सुभेदार रामजींच्या घरी पेन्शन येत होती. पण त्यांच्या मुलांसाठी वस्तरा मात्र उघडत नव्हता.

याच वस्त्र्याने एकदा वेगळा नकारही दिला, हे आपण विसरता कामा नये. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने १८९० साली मुंबईत शेकडो न्हावी एकत्र आले आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असा त्यांनी निर्धार केला. शास्त्र सांगणारे पंडित वेगळे, पैसे मोजणारे यजमान वेगळे. पण प्रत्यक्ष त्या बाईच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायचा तो न्हाव्याने. तो हात त्यांनी मागे घेतला. जोतीरावांच्या विचाराची ही कृती होती. महाराला नाकारणारा हात आणि केशवपन नाकारणारा हात एकाच जातीचा, एकाच धंद्याचा. पहिल्या नकारामागे गावाची दहशत होती आणि दुसऱ्यामागे संघटना होती. कष्टकरी जात संघटित झाली आणि तिला विचार मिळाला, तर व्यवस्थेचे हत्यार व्यवस्थेवरच उलटते, याचा यापेक्षा ठळक पुरावा कोणता?

कायद्याला मात्र न्हाव्याच्या दुकानापर्यंत पोचायला वेळ लागला. १९२३ साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी वा सार्वजनिक पैशाने बांधलेल्या, चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत असे त्यात होते. महाडचा सत्याग्रह या ठरावाच्या आधाराने उभा राहिला. पण केशकर्तनालय सरकारी पैशाने चालत नाही. ते खाजगी. माझे दुकान, माझी खुर्ची, माझी मर्जी, असे म्हणणाऱ्याला या ठरावाचा धाक नव्हता.

ही पळवाट घटनेने बुजवली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत भेदभावबंदीच्या कलमावर चर्चा झाली. त्या कलमात ‘दुकाने’ हा शब्द होता. त्याची व्याप्ती किती, असा प्रश्न निघाला तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला की हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. जो कुणी येणाऱ्याला आपली सेवा देऊ करतो त्याची जागा म्हणजे दुकान. नुसते आत पाऊल टाकण्याचा हक्क नाही, तर ठरलेल्या अटींवर सेवा मिळण्याचा हक्क त्यात आहे. ज्यांच्या बहिणीला भावांचे केस कापावे लागले त्यांनी ‘दुकान’ या साध्या शब्दात केवढे पोट ठेवले! त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही समितीने मंजूर केले.

पुढे १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आला. १९७६ च्या दुरुस्तीने त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही सेवा नाकारणे हा गुन्हा आहे. इतरांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी आणि ज्या अटींवर सेवा मिळते, त्याच वेळी, त्याच ठिकाणी आणि त्याच अटींवर ती सर्वांना मिळाली पाहिजे. हे कलम वाचले की मला माझ्या दुकानाचा रोजचा कारभारच डोळ्यांपुढे दिसतो.

वेळ म्हणजे नंबर. आमच्याकडे बाकावर आधी बसेल त्याचे काम आधी. बाजाराच्या दिवशी बाक भरलेला असतो. एखादा जमीनदार येतो, खुर्चीत कोण बसला आहे ते पाहतो आणि उभ्याउभ्याच ‘आमचं आधी उरकून घे’ म्हणतो. कारागीर माझ्याकडे पाहतो. मी म्हणतो, ‘दादा, बसा. तुमचा पाचवा नंबर.’ काही बसतात, काही निघून जातात. निघून गेलेल्याचे पैसे बुडतात, हे मी हिशेबात धरलेले आहे. बलुत्याच्या जगात नंबर नव्हता, पायरी होती. नंबर हा शब्द बोलायला क्षुल्लक; पण पायरी मोडायला तेवढा पुरतो.

ठिकाण म्हणजे खुर्ची. ‘त्या लोकांसाठी’ कोपऱ्यातली मोडकी खुर्ची, फुटका आरसा आणि जुना वस्तरा ठेवणारी दुकाने मी पाहिली आहेत. तिथे तोंडाने नकार नसतो, म्हणून तक्रारही होत नाही. याला माझा उपाय साधा आहे. कुठल्या गिऱ्हाइकाने कुठल्या खुर्चीत बसायचे हे कारागीर ठरवत नाही. रिकामी होईल ती खुर्ची पुढच्या नंबराची. टॉवेल प्रत्येकाला धुतलेला, पाते प्रत्येकाला नवे. एड्सची जाणीव पसरल्यावर अर्धे ब्लेड घालायचे वस्तरे सगळीकडे आले. ‘माझ्यासाठी नवीन टॉवेल काढ’ असे कुणी नाक मुरडून म्हणाला, तर कारागीर सांगतो, ‘सगळ्यांनाच नवीन असतो.’ स्वच्छता सर्वांना सारखी झाली की सोवळ्याला बुरखा उरत नाही.

अटी म्हणजे दरपत्रक. ते भिंतीवर, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर. त्याच्यापेक्षा जास्त कुणाकडून नाही, कमी कुणाला नाही.

पण आरशात मालकानेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. या धंद्यात बहुधा निम्मा हिस्सा कारागिराचा, निम्मा दुकानाचा असतो. उचल दिली की माणूस बांधला जातो. उचल फिटत नाही तोवर दुकान सोडता येत नाही. ही वेठच आहे, फक्त खळ्याऐवजी गल्ल्यावरची. माझ्याकडे उचलीची वही कारागिराच्या हातात असते आणि फेडीचा हप्ता त्याच्या कमाईच्या एका ठरावीक भागापलीकडे जात नाही. १८९० सालीच लोखंड्यांच्या लढ्यामुळे गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. गिरणीचा रविवार हा सलूनचा सर्वांत गर्दीचा दिवस झाला. एका कामगाराची सुटी दुसऱ्याच्या राबण्यावर उभी राहिली. १९४८ च्या मुंबई दुकाने कायद्याने लहान दुकानातल्या नोकरालाही आठवड्याची सुटी दिली होती. २०१७ च्या नव्या कायद्याने या तरतुदी दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरत्या ठेवल्या. तीन खुर्च्यांच्या दुकानातला कारागीर बाहेर पडला. कायद्याने सांगितले नाही म्हणून आम्ही सुटी बंद करायची काय? माझे दुकान सोमवारी बंद असते. आपल्यातला माणूस मालक झाला एवढ्याने समता येत नाही. त्याच्या वहीत काय लिहिले आहे त्यावरून ती ठरते.

हा इतिहास संपलेला नाही. ११ राज्यांतील ५६५ गावांची एक पाहणी २००६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील जवळपास निम्म्या गावांत दलितांना न्हाव्याची सेवा नाकारली जात होती. ज्या वर्षी शहरांतून वातानुकूलित सलून उघडत होते त्या वर्षीचे हे चित्र! गावात पिढीजात धंदा सोडून नाभिक तरुण शहराकडे जातो, कारण त्यालाही बलुतेदाराचे जिणे नको असते. आपण त्याच्याशी बोललो पाहिजे. त्याच्यावर नुसता गुन्हा नोंदवून गावाचे कुलूप उघडणार नाही. त्याने सर्वांची डोकी करायला सुरुवात केली आणि गावाने त्याला वाळीत टाकले, तर त्याच्या दुकानात जाऊन बसणारे आपण असले पाहिजे.

कार्यकर्ते गावात गेले की विहीर पाहतात, देऊळ पाहतात. त्यांनी न्हाव्याच्या दुकानातही तासभर बाकावर बसावे. कोण आधी बसला, कुणाला कुठली खुर्ची मिळाली आणि कुणी किती पैसे मोजले, एवढेच पाहावे. त्या गावाची घटना कितपत अमलात आली आहे, हे तासाभरात कळेल.