खांद्याच्या विकारांचे अपंगत्व-मूल्यांकन (अमेरिका)
सैनिकी सेवेमुळे जडलेल्या किंवा बळावलेल्या खांद्याच्या विकाराबद्दल माजी सैनिकास मासिक भरपाई देण्यासाठी अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने वापरात ठेवलेली टक्केवारीची पद्धत. खांदा व हाताच्या विकारांना ५२०० ते ५२०३ हे संकेतांक आहेत. हात समोर व बाजूला किती उचलता येतो, हे कोनमापकाने मोजतात; निरोगी खांद्यात ही मर्यादा १८० अंश असते. संकेतांक ५२०१ नुसार हात ९० अंशांवर अडल्यास कोणत्याही हातासाठी २० टक्के अपंगत्व धरतात. ४५ अंशांवर अडल्यास सरावाच्या हातासाठी ३० व दुसऱ्यासाठी २०, तर २५ अंशांवर अनुक्रमे ४० व ३० टक्के मिळतात. हालचालीतील वेदना आणि वारंवार वापराने येणारा अशक्तपणाही विचारात घेतात. अनेक विकार असल्यास टक्क्यांची सरळ बेरीज न करता संयुक्त कोष्टकावरून एकूण अपंगत्व ठरवतात.