घरात शिरणाऱ्या उन्हाचा हिशेब

एनर्जीप्लस नावाचं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं. भिंतींची जाडी, छताचा प्रकार, खिडक्यांची दिशा एवढं भरलं की घरात वर्षभर किती उष्णता येते आणि किती बाहेर जाते, ते तासागणिक मांडून देतं. त्याला सोबत गावाच्या हवामानाची फाइल लागते. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘इश्रे’ या संघटनेनं भारतातल्या पन्नासहून अधिक शहरांच्या अशा फायली केल्या, आणि त्यांत सोलापूर आहे. नाव मात्र इंग्रजी अमदानीतलंच, ‘शोलापूर’. हवामान केंद्र क्रमांक ४३११७. वर्षाच्या ८,७६० तासांचं ऊन, वारा, दमटपणा त्या फाइलमध्ये ओळीनं लावून ठेवलेला आहे.

या हिशेबाचा जन्म थंडीतला. नेपोलियनबरोबर इजिप्तला जाऊन आलेला जोसेफ फूरिए पुढे ग्रेनोबलला प्रशासक झाला. आल्प्सच्या पायथ्याशी तो म्हणे खोल्या तापवून, अंगावर जाडजूड कपडे चढवून बसायचा. घन पदार्थातून उष्णता कशी वाहते, याचं गणित त्यानं १८२२ च्या ग्रंथात मांडलं. त्यातूनच पुढे घरबांधणीचा साधा गुणाकार आला: क्षेत्रफळ, आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक आणि भिंतीचा वा छताचा ‘यू’. यू म्हणजे एक अंशाच्या फरकाला एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता निसटते तो आकडा. युरोप-अमेरिकेत प्रश्न एकच होता: शेगडीत किती कोळसा घालायचा?

सोलापुरात हाच गुणाकार उलट्या बाजूनं करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि छतावर थेट ऊन पडत असल्यानं त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही पुढे जातो. त्यामुळे नुसतं हवेचं तापमान धरून भागत नाही. मॅकी आणि राइट या दोघा अमेरिकनांनी १९४४ मध्ये ऊन आणि हवा एकत्र धरून छतातून येणाऱ्या उष्णतेचं गणित केलं; ती किती तास उशिरानं आत पोचते, हेही त्यात आलं. दुपारचं ऊन स्लॅब संध्याकाळी घरात का ओकतो आणि माणसं गाद्या घेऊन गच्चीवर का जातात, याचं उत्तर त्या उशिरात आहे. हातानं करायला हे गणित किचकट. ते संगणकाच्या पचनी पडेल असं करून दिलं स्टीफन्सन आणि मिटालस यांनी, १९६७ मध्ये, तेही कॅनडासारख्या गोठणाऱ्या देशात! त्या वळणाची सॉफ्टवेअरं अमेरिकेत सत्तरच्या दशकात आली. एनर्जीप्लस त्यांचाच वारस, २००१ चा.

मधल्या काळात या विद्येला कापड गिरण्यांनीही हात दिला. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या गिरणी-अभियंत्यानं रूढ केला. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून त्याला हवा ओली करायची होती. सोलापूरची जुनी गिरणी तोवर तीस वर्षांची होत आली होती. सुताला काय सोसतं याचा अभ्यास आधी झाला. मागावरच्या माणसाला काय सोसतं, याचा सावकाशीनं.

आपल्याकडे रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं भारतीय भिंती-छतांची मोजमापं केली. आयआयटी मुंबईत ‘टॅडसिम’ हे सॉफ्टवेअर झालं, आणि तिथल्याच नायक-प्रजापती यांचं ऊर्जाभान ठेवून इमारती बांधण्यावरचं हँडबुक २००६ मध्ये आलं. त्यात दमट हवेसाठी मुंबई आणि सौम्य हवेसाठी पुणे नमुना म्हणून घेतलं आहे. सोलापूर मोडतं उष्ण-कोरड्या पट्ट्यात, म्हणून सोलापूरकरानं उघडायचं ते जोधपूरचं प्रकरण.

आता आपलं माळवद या गणितात घालून बघू. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर दीड फूट पांढरी माती. मातीची उष्णतावाहकता नेहमीची धरली तर यू येतो ०.९ च्या आसपास. उघड्या सिमेंट स्लॅबचा येतो सव्वातीन ते साडेतीन. केंद्राच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त घराच्या छतासाठी कमाल मर्यादा आहे १.२. म्हणजे माळवद पास, स्लॅब सपशेल नापास. दहा बाय बाराच्या खोलीवर छत ६५ अंश आणि आत ३० अंश धरले, तर स्लॅबमधून सुमारे पावणेतेराशे वॅट आत येतात, माळवदातून साडेतीनशे. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो. त्याच्या क्षमतेचा तिसरा हिस्सा एकटा स्लॅब खातो. दुकानदार ‘वर टेरेस आहे का?’ असं विचारतो तेव्हा फूरिएचंच गणित बोटांवर करत असतो.

पण म्हणून माळवदाचे गोडवे गाऊ नयेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती बहुतांशी दगड-मातीच्या भिंती आणि हेच जड छत अंगावर कोसळून. त्यानंतर या भागात मातीच्या छताखाली निजायचा धीर कुणाला व्हावा? लोक पत्र्याकडे आणि स्लॅबकडे वळले, आणि त्यांचं बरोबरच होतं. फक्त मातीच्या थराबरोबर गेलेला थंडावा दुसऱ्या कशानं भरून काढायचा, हा हिशेब कुणी मांडला नाही.

तो हिशेब सोलापुरात मॉलपेक्षा लहान घरांना जास्त लागू आहे. कुंभारीजवळच्या रे नगरात कामगारांसाठी ३०,००० घरांची योजना झाली. १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतली १५,००० सुपूर्द झाली. या शहरात बिडी घरातच वळली जाते. दुपारी दोन वाजता छताखाली किती अंश असतात, हा तिथे मजुरीचा प्रश्न आहे. अशा प्रत्येक योजनेच्या नकाशाला हवामानाची ती फाइल लावून बघणं सक्तीचं व्हावं. खर्च होतो तो एका अभियंत्याच्या काही दिवसांचा.

स्वतःचं घर बांधणाऱ्यानं तरी थांबू नये. स्लॅब पडण्याआधी आर्किटेक्टला छताचा यू विचारा. आकडा १.२ च्या वर असेल, तर ब्रिकबॅट कोब्याखाली उष्णतारोधक थर घालून तो किती उतरतो, आणि वर पांढरी चायना मोझॅक लावून छत किती कमी तापतं, हे त्यांच्याकडून कागदावर घ्या.