पीएचपीमधील स्टॅटिक व इन्स्टन्स मेथड

पीएचपी या संगणकीय भाषेत क्लासमध्ये लिहिलेल्या मेथडचे दोन प्रकार आहेत. तयार झालेल्या ऑब्जेक्टवर चालते ती इन्स्टन्स मेथड. ऑब्जेक्ट नसतानाही केवळ क्लासच्या नावाने बोलावता येते ती स्टॅटिक मेथड. पहिलीसाठी '->' हे चिन्ह वापरतात, तर दुसरीसाठी '::'. इन्स्टन्स मेथडमध्ये '$धिस' हे चल चालू ऑब्जेक्टचा निर्देश करते. स्टॅटिक मेथडमध्ये ते उपलब्ध नसते. जुन्या संकेतस्थळांच्या कोडमध्ये हा भेद पुष्कळदा पाळलेला नसतो. असा कोड पीएचपी ८ वर नेल्यास त्याचे काम मध्येच थांबते.

इतिहास

पीएचपी ४ (२०००) मध्ये मेथड स्टॅटिक असल्याचे घोषित करण्याची सोय नव्हती. कोणतीही मेथड दोन्ही रीतींनी बोलावता येई. पीएचपी ५ (२००४) मध्ये ही सोय आली. तथापि जुन्या रीतीने लिहिणाऱ्यास केवळ काटेकोरपणाची सूचना मिळे आणि ५.४ या आवृत्तीपूर्वी ती 'सर्व त्रुटी' या गटातही मोडत नसे. त्यामुळे दोष अनेक वर्षे झाकलेला राहिला. पेअर या लायब्ररीतील 'इझएरर' ही मेथड याचे परिचित उदाहरण होय. पीएचपी ७.० (२०१५) ने ही रीत कालबाह्य ठरवली, तर पीएचपी ८.० (२०२०) मध्ये तिचे रूपांतर थेट एररमध्ये झाले.

जुन्या रीतीतील धोका

'ग्रंथ' व 'सभासद' असे दोन क्लास असून दोहोंत 'नाव' हे सार्वजनिक चल आहे, असे समजू. 'सभासद'च्या ऑब्जेक्टमधून 'ग्रंथ::नावबदल' ही इन्स्टन्स मेथड बोलावल्यास पीएचपी ५ मध्ये '$धिस' हा सभासदच राही. परिणामी ग्रंथाऐवजी सभासदाचे नाव बदले, आणि काम मात्र सुरळीत चालल्यासारखे दिसे. पीएचपी ७ पासून येथे '$धिस' मिळत नाही.

दुरुस्ती

मेथडमध्ये '$धिस'चा वापर नसल्यास तिच्यापुढे 'स्टॅटिक' हा शब्द लिहिणे पुरेसे असते. '->' या चिन्हाने केलेल्या तिच्या जुन्या हाका त्यानंतरही चालतात. मात्र उपक्लासांनी तीच मेथड पुन्हा लिहिली असल्यास तेथेही हा शब्द जोडावा लागतो. अन्यथा प्राणघातक त्रुटी येते.

'$धिस'चा वापर असल्यास हा शब्द जोडून प्रश्न सुटत नाही. तेथे आधी ऑब्जेक्ट तयार करून किंवा बाहेरून मिळवून त्यावर मेथड बोलावावी लागते.

उपक्लासातील इन्स्टन्स मेथडमधून मूळ क्लासची मेथड '::'ने बोलावणे हा दोष नव्हे. तेथे '$धिस' योग्य रीतीने पुढे जातो, म्हणून अशा ओळी बदलू नयेत.

नावाने बोलावल्या जाणाऱ्या मेथड विशेष काळजीपूर्वक तपासाव्या लागतात. 'मेथड बोलावता येईल का' असे आधी विचारणारे 'इझ_कॉलेबल' हे फंक्शन पीएचपी ८ मध्ये क्लासच्या नावासह दिलेल्या इन्स्टन्स मेथडसाठी नकारार्थी उत्तर देते. अशा ठिकाणी एरर न येता काम गुपचूप वगळले जाते.

पीएचपीस्टॅन व रेक्टर ही साधने असे दोष कोड न चालवता शोधतात. पीएचपी ७ वर कालबाह्यतेच्या सूचना नोंदवून त्या शून्यावर आणणे आणि नंतरच पीएचपी ८ कडे जाणे, हा सुरक्षित क्रम होय.