हेराची भाकरी

बहिर्जी नाईकांचा धडा आम्ही शाळेत घोकला, पण हेराला भाकरीही घालावी लागते, हे त्यात नव्हतं. ते मला पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणला, आत्याच्या अंगणात कळलं.

गाडी चोरीला जाऊ नये म्हणून चिरंजीवांनी तीत जीपीएसचा ट्रॅकर बसवला होता. एवढीशी डबी, थेट बॅटरीला जोडलेली. किल्ली काढली तरी जागीच. श्रावणात गाडी बारा दिवस अंगणात उभी होती. तेराव्या रात्री आत्या ओल्या पायरीवरून घसरली, मनगट मोडलं. महाडला न्यायला म्हणून मी किल्ली फिरवली. ‘टक्’. पुन्हा फिरवली. आता ‘टक्’सुद्धा नाही.

हात पदरात धरून आत्या म्हणाली, “गाडी कुठं आहे ते कळतं ना रे? मग ते मलाही दिसतंय. इथंच आहे!”

खालून जीप यायला दोन तास लागले. ते दोन तास मी अजून विसरलो नाही.

मग मी या हेराची वंशावळ काढली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी याच डोंगररांगांत, प्रतापगडाखाली अफझलखान पडला. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १८५९ साली, गास्तों प्लांते या फ्रेंच गृहस्थानं शिसे आणि आम्लाची बॅटरी केली. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला; हँडल मारणं सुटलं आणि आपण बॅटरीचे मिंधे झालो. जीपीएसचा पहिला उपग्रह अमेरिकेनं लष्करासाठी १९७८ साली सोडला. सामान्यांच्या वाट्याच्या संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० मध्ये काढली, तेव्हा कुठं गाडीचा नेमका ठावठिकाणा लागू लागला.

यात उपग्रहाचा दोष नाही. तो वीस हजार किलोमीटरवरून नुसता बोलतो. खर्च आहे तो ऐकलेलं मोबाइलच्या जाळ्यातून मालकाला कळवण्याचा. आत्याच्या अंगणात रेंज नाही, त्यामुळे आमचा हेर रात्रंदिवस हाका मारत बसला. तिकडे ठाण्यात चिरंजीवांच्या मोबाइलवर गाडी बारा दिवस घाटातच उभी! त्याला वाटलं, बाबा देखावा बघताहेत.

हिशेब आमच्या बँकेतलाच. खात्यात शिल्लक ३५ अँपिअर-तास. हेराचा खर्च ५० मिलीअँपिअर धरला, तर रोज १.२ नावे, जमा शून्य. बारा दिवसांत चौदा गेले. त्यात बॅटरी चार वर्षांची, म्हणजे मूळची शिल्लकही कागदावरचीच. आणि स्टार्टर तर एका दमात शे-दीडशे अँपिअर मागणारा गिऱ्हाईक! त्याचा चेक वटणार कसा?

जीपवाल्यानं उपाय सांगितला: गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर ट्रॅकरचा फ्यूज काढून ठेवा. गाडी बंद होताच झोपी जाणारे ट्रॅकरही असतात, ते थोडक्यात भागवतात.

आता कुडपणला पोचलो की मी आधी फ्यूज काढतो, मग चपला. आत्याचं मनगट जुळलंय. पानं घेताना ती न चुकता विचारते, “तुझ्या हेराला आज उपासच का रे?”